आज बसायचं का?

शुक्रवारी संध्याकाळी हा प्रश्न आला की उत्तर ठरलेलं असतं. पण समोर ग्लास नसेल, फक्त एक माणूस आणि अर्धा तास असेल तर? अशा तीन-चार 'बैठकां'नीही पिणं आटोक्यात येऊ शकतं, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

शुक्रवार, संध्याकाळचे साडेसहा. टीम लीडर लॅपटॉप मिटतो, खुर्ची मागे ढकलतो आणि अख्ख्या फ्लोअरवर तो अस्सल मराठी प्रश्न फिरतो, 'काय मग, आज बसायचं का?' कुठे बसायचं, कशासाठी बसायचं, कुणी विचारत नाही. 'बसणं' या साध्या क्रियापदाला शुक्रवारी संध्याकाळनंतर एकच अर्थ उरतो. चखणा मागवायचा, बॉसला शिव्या घालायच्या, अकराला कॅब. सोमवारी सगळे पुन्हा फ्रेश. यात व्यसनाचा संबंध येतोच कुठे?

मलाही असंच वाटायचं. व्यसनी म्हणजे गटाराकडेला पडलेला तो. बायकोचे दागिने विकणारा तो. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला सुधाकर! नाटकाला शंभर वर्षं उलटून गेली, तरी आपल्या डोक्यातला दारुडा अजून तोच आहे. एका टोकाला 'सोशल ड्रिंकर' आपण, दुसऱ्या टोकाला सुधाकर. मधल्या लांबलचक पट्ट्यात जणू कुणी राहतच नाही.

त्या पट्ट्यात माझा चुलतभाऊ राहतो, हे मला गेल्या दसऱ्याला कळलं.

पाटोद्यातली बैठक

माझं गाव बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात. वाकडेवाडीहून बीडची एसटी पकडायची, अहिल्यानगर, आष्टी, जामखेड मागे टाकायचं, सौताडा आलं की बॅग काढायला उठायचं. दसऱ्याच्या सुमारास आमचं अर्धं गाव निघायच्या तयारीत असतं. कारखान्यांचं गाळप सुरू झालं की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून आधीच घेतलेली 'उचल' दोघांनी मिळून मार्च-एप्रिलपर्यंत फेडायची. माझे वडील शिक्षक झाले म्हणून आमचं घर यातून सुटलं. चुलत्यांचं नाही सुटलं. दादा-वहिनी हा असाच एक कोयता.

त्या दिवशी ओसरीवर भावकी जमली होती. विषय दादा. भाद्रपदात तो रात्री गाडीवरून पडला होता, हाताला टाके पडले होते, प्यायलेला होता. चुलत्यांनी निकाल देऊन टाकला, 'पुण्याच्या केंद्रात महिनाभर ठिवायचं. बास झालं!'

दादा खाली मान घालून बसला होता. मग माझ्याकडे बघून म्हणाला, 'तायडे, तू पेपरात लिहितीस ना, तूच सांग. म्या महिनाभर आत बसलो तर कोयता अर्धा झाला. अर्ध्या कोयत्याला कोण इचारतंय? घेतलेली उचल कोण फेडंल? अन् म्या काय सकाळी उठून पेतो व्हय? सांजच्याला मोळ्या भरून झाल्या की एक क्वार्टर. अंग ठणकतंय, झोप येत न्हाई.'

गंमत म्हणजे (गंमत कसली!) दोघांचंही बरोबर होतं. पिणं वाढत चाललं होतं हे खरं. पण महिनाभर भरती होण्याएवढं ते हाताबाहेर गेलेलं नव्हतं, हेही खरं. आणि या दोहोंच्या मध्ये काही उपाय असतो, हे ओसरीवरच्या एकालाही माहीत नव्हतं. मास कॉमची डिग्री घेतलेल्या मलाही नाही!

वहिनी ओसरीवर काही बोलली नाही. नंतर चुलीपाशी म्हणाली, 'शपथा घालून झाल्या. लेकराच्या डोक्यावर हात ठिवून झाला. माळ घातली. दोन महिनं टिकतंय. मग शपथ मोडली म्हणून आणखीच पेतेत.'

हे शेवटचं वाक्य मी फोनमध्ये लिहून ठेवलं. पुढे वाचत गेले तेव्हा कळलं, की वहिनीने चुलीपाशी जे सांगितलं, ते व्यसनावरच्या जाडजूड पुस्तकांतही आहे. एकदा घसरलं की 'आता गेलंच सगळं' असं वाटून माणूस आणखी पितो. माळेने ज्यांची सुटते त्यांची सुटतेच, माझ्या गावात तशी माणसं आहेत. पण ज्यांची नाही सुटत, त्यांच्या वाट्याला दारूसोबत पापाचं ओझंही येतं.

लंडनमधला एक तास

थोडक्यात बोलून दारूवर उपचार करायचा, ही कल्पना तशी जुनी आहे. १९७७ साली लंडनच्या ग्रिफिथ एडवर्ड्‌स, जिम ऑरफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर विवाहित मद्यपींवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्यांना त्या काळचे सगळे उपचार, कित्येक महिने. निम्म्यांना नवरा-बायको दोघांना समोर बसवून एकदाच नीट सल्ला. वर्षभराने पाहिलं तर दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता! उपचार करणाऱ्या मंडळींना हे पचायला किती जड गेलं असेल, कल्पना करा.

मग १९८३ मध्ये विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक वेगळीच पद्धत मांडली. माणसाला दारू सोडायला भाग पाडायचं नाही. ती का सोडावीशी वाटते, हे त्याच्याच तोंडून बाहेर येऊ द्यायचं. याच मिलरने सहकाऱ्यांसोबत १९९३ साली आणखी एक गोष्ट दाखवून दिली. समुपदेशक समोरच्याला जितकं जास्त टोचत होता, खोडून काढत होता, तितका तो माणूस वर्षभरानंतर जास्त पीत होता. आपल्याकडे दारू सोडवायची म्हणजे आधी चार माणसांत बसवून पाणउतारा करायचा, अशीच रीत आहे. आमच्या ओसरीवर त्या दिवशी दुसरं काय चाललं होतं?

गोव्याचा धडा

'हे सगळं फॉरेनात ठीक आहे हो!' असं म्हणणाऱ्यांसाठी आता जरा जवळ येऊ. गोव्यात! हो, जिथे आपण बसायलाच जातो तिथे.

'संगाथ' ही गोव्यातली संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्याचं काम करते. डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. इथल्या डॉ. अभिजित नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न घेतला. मानसोपचारतज्ज्ञ सगळीकडे पुरणार नाहीत. मग ज्यांच्याकडे मानसशास्त्राची डिग्री नाही अशा स्थानिक माणसांना शिकवलं, तर जमेल का? गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या पुरुषांना पिण्याबद्दल प्रश्न विचारले. त्यातून ३७७ जण निवडले. आपल्या दादासारखे, मधल्या पट्ट्यातले. ताप, पाठदुखी, ॲसिडिटी अशी काहीतरी तक्रार घेऊन आलेले. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले, शिवाय त्यांच्या डॉक्टरांना या प्रश्नांचा निकाल कळवला. उरलेल्यांना त्यावर आणखी १ ते ४ बैठका, प्रत्येकी साधारण ३० ते ४५ मिनिटांच्या. जागा दवाखाना नाहीतर घर.

निकाल २०१७ मध्ये 'द लॅन्सेट'ने छापला. तीन महिन्यांनी विचारलं तेव्हा बैठका झालेल्यांपैकी ४२ टक्के लोकांनी आधीच्या दोन आठवड्यांत थेंबही घेतला नव्हता. दुसऱ्या गटात हे प्रमाण १८ टक्के. धोक्याच्या पातळीखाली आलेले ३६ टक्के, दुसरीकडे २६. वर्षभराने पुन्हा पाहिलं, तेव्हा धोक्याच्या पातळीखाली आलेले ५४ टक्के होते, दुसऱ्या गटात ३२. म्हणजे बैठका संपून कित्येक महिने झाल्यावरही परिणाम टिकून होता.

हे शिकवलेले समुपदेशक एकमेकांच्या बैठकांची रेकॉर्डिंग ऐकून एकमेकांना मार्क द्यायचे, ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. आपल्या अप्रेझलपेक्षा बरं!

आता दुसरी बाजू. याच प्रयोगात बायकोला होणाऱ्या मारहाणीत फरक दिसला नाही. जे पीत राहिले त्यांचं रोजचं प्रमाणही घटलं नाही. आणि अभ्यास फक्त पुरुषांचा होता. त्यामुळे कुणी 'चार बैठकांत संसार सुखाचा' अशी जाहिरात केली तर सरळ उठून या. घरात हात उचलला जात असेल, तर तो वेगळा प्रश्न आहे आणि त्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. दारू सुटायची वाट बघत बसू नये.

मग त्या खोलीत होतं काय?

दादाला नशिबाने अशी बैठक मिळाली. हाताचे टाके काढायला तो ज्या दवाखान्यात गेला, तिथे एक समुपदेशक ताई होत्या. प्रत्येक दवाखान्यात असं कुणी भेटतंच असं नाही, हे आधीच सांगते. त्यांनी दहा प्रश्न विचारले. किती वेळा घेता, एका वेळी किती घेता, घेतल्यामुळे ठरलेलं काम राहिलं का, आदल्या रात्रीचं आठवत नाही असं झालं का... हे दहा प्रश्न म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची चाचणी. दादाला सतरा मार्क पडले.

'सतरा म्हंजी पास का नापास?' दादाने विचारलं.

ताई हसल्या म्हणे. मग त्यांनी उलट विचारलं, 'दारू कमी करणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? शून्य ते दहामध्ये सांगा.' दादा म्हणाला, चार. आता तुमच्या-माझ्यासारख्याने लगेच 'फक्त चार?' म्हणून तोंड वाकडं केलं असतं. ताईंनी विचारलं, 'चार का? एक का नाही?'

'तायडे, तिथं माझी बोलती बंद झाली,' दादा मला सांगत होता. 'एक का न्हाई, हे सांगायला लागलो अन् सांगतच बसलो. पोरगी शाळंत हुशार हाय ते सांगितलं. मोळी घिऊन फळीवरनं ट्रकवर चढताना पाय थरथरला ते सांगितलं. घरात कुणाला बोललो नव्हतो.'

प्रश्न विचारायची ही युक्तीच आहे, आणि साधी आहे. 'दहा का नाही' विचारलं की माणूस बचाव करतो. 'एक का नाही' विचारलं की तो स्वतःच स्वतःला कारणं देऊ लागतो.

पुढच्या दोन बैठका फोनवर झाल्या. टोळी तोवर कोल्हापूरकडे गेली होती, दादा कोपीच्या बाहेर रेंज शोधत बोलायचा. त्यात उपदेश फारसा नव्हताच. हिशेब होता. नेमकी कधी प्यावीशी वाटते? कुणाबरोबर? पगाराच्या, म्हणजे दादाच्या बाबतीत खर्चीच्या, दिवशी काय होतं? 'घे रे एक' म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचं, हे ताईंनी चक्क नाटकासारखं वसवून घेतलं. ताई झाल्या टोळीतला मित्र, दादा झाला दादा. त्याने तीन उत्तरं तयार केली. त्यातलं 'गोळ्या चालू हायेत' हे सगळ्यात जास्त चाललं. (खोटं आहे, पण चालतंय म्हणे.) अंगदुखीवर काय करायचं, झोप नाही आली तर काय, हेही ठरलं. आणि घसरलं तर? घसरलं तर तो दिवस लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. शपथ नाही, त्यामुळे मोडायचा प्रश्नच नाही.

तुमची क्वार्टर म्हणजे किती?

आता तुमची वेळ. वरच्या दहा प्रश्नांतला एक असा: एका बैठकीत सहा किंवा त्याहून जास्त 'ड्रिंक' किती वेळा होतात? वाचल्याबरोबर आपण म्हणतो, छे, सहा कुठले! पण या चाचणीतलं एक ड्रिंक म्हणजे सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल, आणि व्हिस्कीचा ३० मिलीचा छोटा पेग म्हणजेच तेवढं. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये असे पेग किती? बरोबर सहा! स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली चार ड्रिंकच्या आसपास जाते. म्हणजे 'मी बाबा फक्त बिअरवाला' म्हणत दोन बाटल्या संपवणारा आठवर पोहोचलेला असतो.

पाटोद्याहून परतताना बसमध्ये मी माझे मार्क काढले. पिंट मोजल्या, एका पार्टीतलं न आठवणारं धरलं, दुसऱ्या दिवशी आलेला गिल्ट धरला. आठ. चाळीसपैकी आठ म्हणजे भारीच की, असं वाटेल. पण इथे आठपासून पुढे सावध राहायला सांगतात. पंधरापर्यंत साधा सल्ला, सोळा ते एकोणीस म्हणजे दादासारख्या थोडक्यातल्या बैठका, वीसच्या वर तज्ज्ञ डॉक्टर. मी, दादाला मनातल्या मनात लेक्चर देणारी पत्रकार, पहिल्या पायरीवर उभी होते. बस तेव्हा जामखेडच्या स्टँडवर थांबली होती आणि मी चहाही प्यायला उतरले नाही!

एक इशारा मात्र ठळक अक्षरात हवा. सकाळी उठल्यावर हात थरथरतात, घाम फुटतो, घेतल्याशिवाय बरंच वाटत नाही, अशी अवस्था असेल तर निव्वळ गप्पांवर आणि निर्धारावर राहू नका. अशा माणसाने दारू एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. तिथे डॉक्टर आणि औषधं लागतातच. अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेलं 'मुक्तांगण' किंवा त्यासारखी केंद्रं आहेत ती अशांसाठी. आमच्या बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचं सरकारी ग्रामीण मेडिकल कॉलेज आहे. चुलत्यांचा सल्ला चुकीचा नव्हता, पेशंट वेगळा होता इतकंच.

माहीतच नाही, तर मागणार कोण?

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी 'एम्स'ने केलेला व्यसनांचा देशव्यापी सर्व्हे २०१९ मध्ये आला. दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ माणसांपैकी जेमतेम एकाला कुठलीतरी मदत मिळते. भरती होऊन उपचार मिळालेला १८० मध्ये एक. हा झाला सुधाकरांचा हिशेब. मधल्या पट्ट्यातल्यांना तर आपल्याला मदत लागते, हेच ठाऊक नसतं. ते दवाखान्यात जातात ते ॲसिडिटीसाठी. डॉक्टर गोळी देतात. पिण्याबद्दल ते विचारत नाहीत आणि आपण सांगत नाही.

आपल्या राज्याची एक मजा सांगते. महाराष्ट्रात कायद्याने दारू प्यायला परवाना लागतो, आणि त्यावर कारण काय असतं माहीत आहे? आरोग्य राखण्यासाठी! आरोग्यासाठी प्यायचा कागद काउंटरवर लगेच मिळतो. पिणं कमी करण्यासाठी अर्धा तास बोलणारं माणूस मात्र शोधत फिरावं लागतं.

शोधणं अगदीच अवघड मात्र नाही. २०२२ मध्ये सुरू झालेली सरकारी 'टेलिमानस' सेवा १४४१६ वर आहे, मराठीतही बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. दोन्ही फुकट. अनेक कंपन्यांत कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशन असतं; इंडक्शनच्या दिवशी त्याची स्लाइड दाखवली होती, आपण तेव्हा फोनमध्ये होतो. फोन केल्यावर थेट विचारा, 'मला भरती व्हायचं नाही, पिण्याबद्दल थोडक्यात समुपदेशन मिळेल का?' पुण्या-मुंबईत खासगी मानसोपचारतज्ज्ञही हे करतात. एचआरला कळेल ही भीती असेल तर बाहेर जा, पण जा.

पाडव्यानंतर टोळी परत आली. मी गावी गेले तेव्हा वहिनीने ट्रंकेतून गुंडाळलेलं कॅलेंडर काढलं. कोपीत टांगलेलं, धुराने पिवळं पडलेलं. जुन्याची शेवटची दोन पानं फाडून तिने ती नव्याला सुतळीने बांधली होती. दादा प्यायला तो दिवस पेनाने गोल करायचा, असं दोघांचं ठरलं होतं. नोव्हेंबरचं पान गोलांनी भरलेलं. डिसेंबरात मोकळ्या जागा. जानेवारीत ओळीने अकरा दिवस कोरे. फेब्रुवारीत, खर्ची मिळाली त्या आठवड्यात, पुन्हा लागोपाठ चार.

मार्चचे गोल मी मोजले. 'सात,' मी म्हणाले.

वहिनीने पान उजेडाकडे धरलं. 'आठ हायेत. ह्यो बघा, बारका. त्यांनीच काढलाय. मला तर त्या दिवसाचं म्हाईतच नव्हतं.'